गॅझेटिअरमधलं ‘हेम्प’ आणि गांजाचं मादी झाड

समजा तुमच्यासमोर १८८० च्या दशकातला एक पीकतक्ता आहे. जिल्हा मुंबई इलाख्यातला, तालुक्यांची नावं ओळखीची. तंतुपिकांच्या मथळ्याखाली कापसानंतर ‘हेम्प’ अशी ओळ आहे आणि पुढे एकरांचा आकडा. तुमच्या सिनॉप्सिसचा विषय आहे ‘वसाहतकालीन महाराष्ट्रातील अमली पदार्थ’ किंवा तसंच काहीतरी. हात शिवशिवतात की नाही? आकडा उचलायचा, एक्सेलमध्ये टाकायचा, दहा वर्षांचा आलेख काढायचा आणि ‘गांजाखालील क्षेत्र वाढत गेले’ असं वाक्य लिहून मोकळं व्हायचं.

थांबा. ते झाड बहुधा ताग आहे.

इंग्रजांच्या कागदांत ‘हेम्प’ हे एका झाडाचं नाव नाहीच. ज्याच्या सालीतून दोर वळता येतो अशा कशालाही ते लावलेलं दिसतं. ‘बॉम्बे हेम्प’ किंवा ‘सन हेम्प’ म्हणजे आपला ताग, काही भागांत ज्याला बोरू म्हणतात तो, शास्त्रीय नाव क्रोटालारिया जुन्सिया. ‘ब्राउन हेम्प’ म्हणजे अंबाडी, हिबिस्कस कॅनाबिनस. ‘सिसल हेम्प’ म्हणजे घायपाताच्या जातकुळीतली वनस्पती, आणि ‘मनिला हेम्प’ चक्क केळीची बहीण. यांपैकी एकाचाही नशेशी काडीचा संबंध नाही. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांत शेतीच्या प्रकरणात जे हेम्प येतं ते बहुतेक वेळा ताग नाहीतर अंबाडी असतं. शेजारी देशी नाव किंवा शास्त्रीय नाव दिलेलं असतं, पण तक्ता उतरवताना आपण नेमका तोच शब्द गाळतो.

अंबाडीची गंमत तर आणखी पुढची आहे. तिच्या शास्त्रीय नावातलं ‘कॅनाबिनस’ म्हणजे गांजासारखी. पानाचा आकार, तळहातासारखी फाटलेली बोटं, त्यावरून ते नाव पडलं. आपल्याकडे घरोघरी जिची आंबट भाजी लसणाची फोडणी घालून खातात त्या झाडाचं नाव वाचून एखादा परदेशी अभ्यासक दचकतो, आणि इंग्रजी तक्ता वाचून आपण दचकतो. दोघांचंही चुकीच्या ठिकाणी दचकून होतं.

मग खरा गांजा कुठे शोधायचा? शेतीच्या प्रकरणात नाही, महसुलाच्या प्रकरणात. अबकारीच्या फायलींत. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा, परवाने, लिलाव, दुकानं, या सगळ्या भानगडीत गांजा, भांग आणि चरस ही नावं येतात. सरकारच्या लेखी ताग हे पीक होतं आणि गांजा हे उत्पन्न. तुमच्या विषयाचं झाड कोणत्या खात्याच्या कपाटात ठेवलंय हे आधी कळलं, तर आर्काइव्हमधले चार महिने वाचतात. कपाट मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. मी नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन-येऊन करते, त्यामुळे चार महिन्यांची किंमत मला जरा जास्तच कळते.

पण घरबसल्या वाचण्यासारखंही पुष्कळ आहे. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये डब्ल्यू. एस. केन या दारूबंदीवादी सभासदाने गांजाच्या परिणामांबद्दल प्रश्न विचारला आणि त्यातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं गेलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सभासदांत इंग्रज अधिकारी, कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक सर्जन-मेजर वॉर्डन, आणि तीन हिंदी सदस्य: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, पंजाबचे कंवर हरनाम सिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. १,१९३ साक्षीदारांची साक्ष घेतली. १८९४ मध्ये सिमल्याहून सात खंड निघाले. निष्कर्ष असा की बंदी नको. कर लावा, परवाने द्या, लागवड ठरावीक भागापुरती आवरा. तीन हिंदी सदस्यांपैकी दोघांनी, म्हणजे रॉय आणि निहालचंद यांनी, भिन्नमतपत्रिका जोडल्या. त्या दोन पत्रिका लोक वाचत नाहीत, तुम्ही वाचा. पहिला खंड मुख्य अहवालाचा आहे. मुंबई, सिंध आणि वऱ्हाडची साक्ष सातव्या खंडात आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे खंड स्कॅन करून सगळ्यांसाठी मोफत खुले ठेवलेत.

सातवा खंड उघडलात की प्रत्येक साक्षीदाराची उत्तरं क्रमांकाने दिसतील, कारण कमिशनने छापील प्रश्नावली पाठवली होती. साक्षीदार कोण? कलेक्टर, मामलेदार, डॉक्टर, वकील, मिशनरी. गांजा स्वतः पेरणारा शेतकरी कमीच. आणि जे आहे तेही इंग्रजीत लिहून काढलेलं. म्हणजे शेतकऱ्याने बोललेला शब्द मधल्या माणसाच्या कानातून आणि लेखणीतून आलेला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या लागवडीत नगर जिल्ह्याचं, आजच्या अहिल्यानगरचं, नाव पुन्हा पुन्हा येतं. नाशिक रोडहून सिन्नर-संगमनेरच्या रस्त्याला लागलं की ज्या पट्ट्यात आपण शिरतो तो जिल्हा. शेजारच्या मध्य प्रांतात खांडव्याचा गांजा नावाजलेला, आणि बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातलं नौगाव. या तिन्ही ठिकाणी पीक एकच आणि मुख्य काम एकच: नर झाडं उपटून टाकणं.

इथे जरा वनस्पतीकडे वळू. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे टाळता येत नाही. गांजाची नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. पपई लावणाऱ्याला हे सांगायला नको. खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची, फूल आलं की नर कोण ते कळतं, मग नर काढायचे. फरक एवढाच की पपईत थोडे नर ठेवावे लागतात, कारण फळ धरायला हवं असतं. गांजात उलट. मादी फुलाला पराग मिळालाच नाही तर बी धरत नाही, आणि झाड शेंड्याकडचे तुरे आणखी दाट करत राहतं, त्यावर राळेसारखा चीक साठत जातो. ते बिनबियांचे चिकट तुरे म्हणजे गांजा. पराग लागला की बी भरतं, तुऱ्यांचा कस जातो, भाव पडतो. आज अमेरिकेत ‘बिनबियांचा’ या अर्थाचा स्पॅनिश शब्द वापरून या मालाची जाहिरात होते, जणू काही हा शोध विसाव्या शतकातला आहे. नौगावच्या शेतकऱ्यांना तो कमिशन नेमलं जाण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. हेमचंद्र केर यांनी १८७७ मध्ये बंगालच्या गांजावर जो अहवाल लिहिला त्यात ही सगळी पद्धत आहे.

नौगावला तर या कामासाठी वेगळा जाणकार असे, पोद्दार. इंग्रजांनी त्याला थट्टेने ‘गांजा डॉक्टर’ म्हटलंय. फूल पुरतं उमलायच्या आत, नुसत्या लक्षणांवरून नर झाड ओळखायचं आणि शेतकऱ्याला दाखवून द्यायचं, हे त्याचं काम. थट्टा जाऊ द्या; सगळ्या पिकाची किंमत या एका माणसाच्या नजरेवर ठरत होती. चार नर राहून गेले की अख्खं शेत बियाळ.

आणि फक्त आपलं शेत नाही. गांजाचा पराग वाऱ्यावर जातो, खूप लांब जातो. मोरोक्कोतल्या शेतांमधले परागकण समुद्र ओलांडून स्पेनच्या मालागा शहरातल्या यंत्रांत सापडलेले आहेत. म्हणजे मी माझे नर काढले आणि शेजाऱ्याने आळस केला, तर माझं पीक गेलं. अशा पिकाला एकट्या-दुकट्याने कुठेतरी लावून भागत नाही. सगळं गाव, लगतची गावं, एकाच शिस्तीत असावी लागतात.

माझ्या प्रबंधातला मुख्य युक्तिवाद इथून सुरू होतो. गांजाची लागवड मोजक्या पट्ट्यांत एकवटली याचं नेहमीचं स्पष्टीकरण प्रशासकीय असतं: सरकारला मोजणी, पहारा आणि कर सोपा जावा म्हणून त्यांनी ती आवरली. ते खरंच आहे, कमिशनची शिफारसही तीच. पण शिफारस करायच्या आधीच पीक बऱ्याच अंशी एकवटलेलं होतं. सरकारने ते सगळं हवेतून निर्माण केलं नाही. झाडाच्या नर-मादीपणामुळे शेतकऱ्यांनी जी जुळणी करून ठेवली होती, तिच्यावर परवान्यांचा शिक्का बसला. कर जमवणारा हाकीम आणि नर उपटणारा शेतकरी, दोघांनाही एकच गोष्ट हवी होती: सगळी शेतं जवळजवळ, उघड्यावर आणि ओळखीची. हे वाचन करायला एकही नवीन फाइल लागली नाही. पहिल्या खंडातलं लागवडीचं प्रकरण आणि वनस्पतिशास्त्राचं साधं पुस्तक शेजारी-शेजारी ठेवावं लागलं.

आता मघाच्या ‘मधल्या माणसाच्या कानातून’ या मुद्द्याकडे. साक्षीत ‘नर झाडं काढून टाकतात’ असं वाक्य आलं तर तुम्ही काय समजाल? सरळ आहे, नर म्हणजे नर. पण बंगालच्या शेतकऱ्यांची बोली उलटी होती. ज्याला वनस्पतिशास्त्र नर म्हणतं त्या सडपातळ, लवकर वाळणाऱ्या झाडाला ते मादी म्हणत. आणि जे भरदार, घसघशीत, शेवटपर्यंत उभं राहणारं, ते त्यांच्या लेखी नर. वेडेपणा नव्हता हा. जुन्या इंग्लंडातही दोरासाठी हेम्प लावणारे शेतकरी बी धरणाऱ्या झाडाला ‘कार्ल’ म्हणजे गडी-माणूस म्हणत. शरीराच्या बांध्यावरून लिंग ठरवायचं तर हेच होणार. गांजाची मादी नरापेक्षा धिप्पाड असते, आणि धिप्पाड म्हणजे पुरुष हे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी न विचारताच गृहीत धरलं. (लिंगभाव-अभ्यास हा ज्यांचा विषय आहे त्यांना इथे एक अख्खा शोधनिबंध पडलेला आहे. न्या.)

म्हणून एखाद्या साक्षीत नर-मादी आलं की तीन गोष्टी तपासा: बोलणारा कोण, भाषा कोणती, आणि काढून टाकल्या जाणाऱ्या झाडाचं वर्णन काय दिलंय. वर्णन सडपातळ झाडाचं असेल तर नाव काहीही असो, ते वनस्पतिशास्त्रातलं नर. नावावर नको, वर्णनावर विश्वास ठेवा. आणि भाषांतर करताना मूळ शब्द मराठी लिपीत तसाच ठेवा, आपल्याकडून दुरुस्त करून टाकू नका.

ही झाली बियांपासूनची शेती. आता तो प्रश्न, जो या विषयावर बोलायला उभी राहिले की कुणीतरी विचारतंच: एवढी कटकट कशाला? चांगल्या मादी झाडाची फांदी तोडून लावली असती तर सगळी रोपं मादीच निघाली असती. ना पोद्दार, ना नर, ना शेजाऱ्याशी भांडण. आज जगात तेच करतात. एका निवडलेल्या मादीपासून शेकडो क्लोन, सगळे हुबेहूब, सगळे मादी. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात उघड्यावर लावलेले असे क्लोन दोन पुरुष उंचीची, घेरदार, झाडासारखी झाडं होतात. मग नगरच्या शेतकऱ्याला कलम येत नव्हतं का?

येत होतं की. आंब्याची कलमं, गुलाबाच्या फांद्या, उसाची टिपरी. ऊस तर अख्खाच कलमावर चालतो, कुणी बी पेरत नाही. तंत्र हाताशी होतं. अडचण झाडाच्या आयुष्यात होती. गांजा हे एका हंगामाचं झाड. नर की मादी, आणि मादी असेल तर कसाची की नुसतीच, हे फुलावर आल्याशिवाय पक्कं कळत नाही. आणि फुलावर आलं म्हणजे त्याचं संपत आलं. ज्या दिवशी तुम्हाला कळतं की हे झाड ठेवण्यासारखं आहे, त्या दिवशी ते मरायला लागलेलं असतं.

त्याला मरू द्यायचं नसेल तर एकच उपाय, रात्र छोटी करणं. गांजा दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस मोठा असेपर्यंत तो वाढतो, रात्री लांबल्या की फुलतो. हे सगळ्यात आधी ज्यांनी दाखवलं त्यांपैकी एक म्हणजे फ्रान्सचे ज्युलियँ तूर्नवा. १९१२ च्या सुमारास हॉप्स आणि हेम्पवर त्यांनी प्रयोग केले. पुढे १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी त्याचं शास्त्र उभं केलं. म्हणजे ‘आई’ झाड वर्षानुवर्षं हिरवं ठेवायचं, फुलू द्यायचं नाही, आणि त्याच्या फांद्या तोडत राहायच्या, तर रात्री कृत्रिम उजेड लागतो. नगरच्या शेतात १८९३ साली कंदील होता, वीज नव्हती. गांजाचं कलम हे कुंडी आणि कात्रीचं तंत्र वाटतं खरं, पण ते मुळात बल्बचं तंत्र आहे. म्हणूनच ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बंद खोल्यांतून लागवड करणाऱ्यांकडून पसरलं. मिसिसिपी विद्यापीठात १९६८ पासून अमेरिकी सरकारच्या परवानगीने संशोधनासाठी गांजा पिकवतात; तिथेही पुढे निवडक मादी झाडं सांभाळून त्यांच्या कलमांवर काम होऊ लागलं.

झाडांच्या आकाराचं कोडंही याच हिशोबाने सुटतं. नाशिकला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा वर, लहान दिवस अकरा तासांच्या आसपास. चाळिसाव्या अक्षांशावर, म्हणजे त्या उत्तर कॅलिफोर्नियात, जूनमध्ये पंधरा तास उजेड असतो. झाडाला वाढायला मोकळीक जास्त, फुलायचा हुकूम उशिरा. तिथली एकेक झाडं सुटी, खूप अंतरावर, महिनोन्‌महिने पोसलेली. आपल्याकडचं पीक पेरलेलं, दाटीवाटीतलं, पावसाळा सरून रात्र वाढायला लागली की फुलणारं. तेव्हा आजचा फोटो बघून जुन्या अहवालातल्या एकरी उत्पन्नाचा अंदाज बांधायचा मोह झाला, तर तो आवरा.

शब्दाचं काय? ‘क्लोन’ हा शब्द १८९४ च्या अहवालात शोधून सापडायचा नाही, कारण तो तेव्हा जन्मालाच आला नव्हता. अमेरिकी कृषी खात्यातले हर्बर्ट वेबर यांनी १९०३ मध्ये तो सुचवला, डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. म्हणजे प्रयोगशाळेतल्या मेंढीच्या कितीतरी आधी तो माळ्यांचा शब्द होता. ओसीआर केलेल्या पीडीएफमध्ये आजचा शब्द टाइप करून ‘शून्य निकाल’ आले म्हणजे ती गोष्टच नव्हती असं होत नाही. पण इथे खरोखरच नव्हती, आणि ते शून्य सिद्ध करायला शब्दशोध नाही, वरचं दिवस-रात्रीचं गणित कामी आलं.

नाशिकला राहून हा विषय करताना एक सोय आहे. कलमावर उभं असलेलं जगातलं एक जुनं पीक दाराशीच आहे. स्टेशन सोडलं की निफाड-दिंडोरीकडे जिकडे जाल तिकडे द्राक्षाचे मांडव. द्राक्षवेल बारमाही. चांगला वेल सापडला की तो पुढच्या वर्षीही असतो आणि त्याच्या पुढच्याही. त्याची काडी केव्हाही काढा. थॉम्पसन सीडलेस हे नाव कॅलिफोर्नियाच्या एका शेतकऱ्याचं, पण तो वाण जुना, मध्यपूर्वेकडचा. त्यात बी नाही, म्हणजे काडीशिवाय तो पुढे जाऊच शकत नाही. तासगाव तालुक्यात बोरगावला थॉम्पसनच्या बागेत एक वेगळा वेल नजरेत भरला, त्याच्या काड्यांमधून ‘तास-ए-गणेश’ हा वाण आला. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांच्या हातून ‘सोनाका’ आला. हे वाण प्रयोगशाळेतून निघाले नाहीत. रोज बागेत हिंडणाऱ्या माणसाला एका फांदीवरचे मणी लांबट दिसले, इथून ते निघाले. नंतर खाली डॉगरिजचा रूटस्टॉक आणि वर हवा तो वाण अशी कलमं सर्रास झाली. जळगावच्या टिश्यू कल्चरच्या केळीपर्यंत हीच रांग जाते.

द्राक्षातही बी नको आणि गांजातही बी नको. पण द्राक्षाचं बिनबियांचेपण वेलाच्या रक्तात आहे, ते काडीबरोबर प्रवास करतं. गांजाचं बिनबियांचेपण रक्तात नव्हतं, ते दर हंगामात नव्याने, माणसांनी शेतात उभं राहून, नर उपटून घडवायचं होतं. पहिल्यात मालकी वाणाची असते, दुसऱ्यात कसब माणसाचं. म्हणून द्राक्षाच्या इतिहासात वाणांची नावं येतात आणि गांजाच्या इतिहासात गावांची. खांडवा, नौगाव, नगर. आजच्या परदेशी बाजारात मात्र गांजाच्याही वाणांना नावं आहेत, ब्रँडसारखी, आणि पोद्दाराचं नावनिशाण उरलेलं नाही. क्लोनने नेमकं काय बदललं हे एका ओळीत सांगायचं तर मी हेच सांगेन. दुसरा बदल सरकारच्या बाजूचा आहे. उघडं शेत, ठरलेला हंगाम, ओळखीचा पट्टा, या तीन गोष्टींवर १८९४ ची सगळी व्यवस्था उभी होती. खोलीतल्या क्लोनला यातलं काहीच लागत नाही.

कायद्याच्या भाषेत हा प्रवास दिसतो का? दिसतो, फक्त शब्द मोजत वाचावं लागतं. १९२५ च्या जिनिव्हा करारात ‘इंडियन हेम्प’ची व्याख्या करताना झाड मादी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं: मादी झाडाचे फुलोऱ्यावर किंवा फळावर आलेले, वाळलेले शेंडे. (योगायोग असा की १९२५ हेच नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसचंही साल. इथल्या लोकांना छापील कागदावरच्या एका अक्षराचं मोल समजावून सांगावं लागत नाही.) हिंदुस्थानच्या प्रतिनिधींनी तेव्हा कुरबूर केली होती: झाड रानात आपोआप उगवतं, आणि त्याच्याभोवती धर्म आणि रूढी आहेत. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी साधूंच्या तंबूंमधून फिरलेल्या कुणालाही दुसरा मुद्दा कळेल. १९६१ चा एकेरी करार आला तेव्हा व्याख्येतून ‘मादी’ हा शब्द गेला. उरलं ते नुसतं ‘कॅनाबिस वनस्पतीचे’ शेंडे, आणि शेंड्यांशिवाय असलेली पानं आणि बिया वगळून. कराराने वैद्यकीय कारणाशिवायचा वापर थांबवायला २५ वर्षांची मुदत दिली होती. ती संपायच्या आत, १९८५ मध्ये, आपला एनडीपीएस कायदा झाला आणि गांजाची तीच व्याख्या त्यात उतरली. झाडाची व्याख्या तर आणखी सैल, कॅनाबिस प्रजातीतलं कोणतंही. नर असो मादी असो, बियांचं असो की फांदीचं, लावणं गुन्हा. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

पण शेंडे आणि पानं हा भेद व्याख्येत राहिला, आणि तो आज माणसांच्या आयुष्यात फरक पाडतो. गांजा २० किलोपेक्षा जास्त असेल तर तो ‘व्यावसायिक प्रमाणात’ मोडतो आणि मग जामीन मिळणं फार अवघड होतं. आता शेतातून उपटलेली झाडं वजनकाट्यावर चढतात तेव्हा काय काय चढतं बघा. मूळ, माती, खोड, फांद्या, पानं, आणि वरचे शेंडे. ओली झाडं, पाण्याचंही वजन. व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे शेंडे. काट्यावर अख्खं झाड. बचाव पक्षाचे वकील न्यायालयात यावर वाद घालतात तेव्हा ते नकळत १९२५ च्या त्या वाक्याशी, आणि त्याच्याही मागे, फुलोऱ्याचा कस हातात घेऊन बघणाऱ्या पोद्दाराशी बोलत असतात.

समकालीन इतिहासावर काम करणार असाल तर अशा खटल्यांची निकालपत्रं आणि त्यांतले पंचनाम्यांचे उतारे वाचायला घ्या. ठरलेलं वर्णन पुन्हा पुन्हा भेटेल: उग्र वासाचा, हिरवट रंगाचा, पाला, बोंडं, बिया, काड्या असलेला ओलसर गांजा. एका वाक्यात, एका गोणीत, व्याख्येने वेगळं केलेलं सगळं एकत्र. तिथे पेन्सिलीने खूण करा: ‘बिया’ लिहिलंय का? लिहिलं असेल तर त्या शेतात नर झाडं होती, पराग लागला होता, आणि ते पीक कुणा पोद्दाराच्या नजरेखालून गेलं नव्हतं. मग शेजारचा रकाना बघा, वजनाचा, आणि २० किलोच्या कुठल्या बाजूला तो आकडा पडलाय ते.